जुना मैलापाणी प्रकल्प सुधारायचा म्हणजे काय? नागपूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मैलापाणी शुद्धीकरणाच्या प्रकल्पांवर मी बावीस वर्षं शिफ्टमध्ये काम केलं. पूर्व नागपुरात राहतो. गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत, चौकातल्या पानठेल्यावर लोक मला हेच प्रश्न विचारत आले. बहुतेक प्रश्नांमागे राग असतो आणि तो रास्त असतो. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

एमएलडी म्हणजे काय? बातमीत सारखं तेच येतं.

दिवसाला दहा लाख लिटर म्हणजे १ एमएलडी. १०० एमएलडीचा प्रकल्प म्हणजे रोज दहा कोटी लिटर मैलापाणी हाताळू शकणारा प्रकल्प. यातला ‘हाताळू शकणारा’ हा शब्द लक्षात ठेवा. तेवढं पाणी तिथं रोज येतंच असं नाही, आणि आलेलं सगळं नीट शुद्ध होऊनच बाहेर पडतं असंही नाही.

आपल्या घरातलं पाणी शेवटी जातं कुठं?

बाथरूम, मोरी, संडास यांचं पाणी चेंबरमधून गल्लीतल्या गडरलाइनमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या मैलापाण्याच्या लाइनमध्ये जातं. तिथून मोठ्या लाइनमध्ये आणि उतार संपला की पंपिंग स्टेशनमध्ये. नागपूरचा एकूण उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे, म्हणून शहराचं बहुतेक पाणी पूर्वेला भांडेवाडीच्या दिशेनं येतं. तिथं आधी १०० एमएलडीचा प्रकल्प होता. पुढे १३० एमएलडीचा आला आणि सार्वजनिक-खाजगी भागीदारीतून २०० एमएलडीची क्षमता उभी राहिली.

जे पाणी गडरलाइनमध्ये जात नाही ते नाल्यात जातं, आणि नाले नदीत. पश्चिमेकडून अंबाझरीखालून येऊन शहराच्या पोटातून जाणारी नाग नदी, गोरेवाड्याकडून येणारी पिवळी नदी आणि सोनेगावकडून दक्षिण नागपुरातून जाणारी पोहरा नदी. ज्या नाग नदीवरून शहराला नाव मिळालं, तिला आज निम्मं शहर ‘नाग नाला’ म्हणतं. मला ते ऐकवत नाही.

एवढे मोठे प्रकल्प आहेत तर मग नाग नदी काळी का?

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. याचं उत्तर प्रकल्पाच्या कुंपणाच्या आत सापडत नाही, तुमच्या-माझ्या गल्लीत सापडतं.

प्रकल्प फक्त त्याच्यापर्यंत पोचलेलं पाणी शुद्ध करतो. जुन्या वस्त्यांमधल्या गडरलाइनी कित्येक दशकांपूर्वी टाकलेल्या आहेत. तेव्हा एका प्लॉटवर एक घर होतं, आता तिथं चार मजल्यांची फ्लॅटची स्कीम उभी आहे. लाइन तेवढीच आहे आणि पाणी मात्र दहापट. ती कुठं खचते, कुठं चोक होते, आणि तुंबलेलं पाणी उतार शोधत जवळच्या नाल्यात उतरतं. बाहेरच्या अनेक लेआउटमध्ये, हुडकेश्वर-नरसाळ्यासारख्या नंतर शहराला जोडलेल्या भागांत, लोकांनी आधी घरं बांधली आणि गडरलाइनची वाट मागाहून पाहिली. तिथली सेप्टिक टँकं भरली की वरचं पाणी उघड्या नालीतून थेट नाल्यात जातं.

त्यामुळे प्रकल्पात कितीही कोटींची यंत्रं बसवली, तरी नाल्यांच्या तोंडाशी पाणी अडवून ते लाइनमध्ये वळवलं नाही तर नदीचा रंग तोच राहतो. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखालच्या नाग नदी प्रकल्पाचं भूमिपूजन ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते नागपुरात झालं. त्याची किंमत १,९२५ कोटी रुपयांहून जास्त सांगितली गेली. त्यात नव्या शुद्धीकरण प्रकल्पांबरोबर गडरलाइनींचं मोठं जाळं आणि नाल्यांचं पाणी अडवण्याचं काम धरलं आहे, आणि माझ्या मते पैशाचा खरा उपयोग या दुसऱ्या भागात आहे. जमिनीखालची लाइन दिसत नाही, तिची फीत कापता येत नाही. म्हणून तिच्याबद्दल नागरिकांनीच विचारत राहायला हवं.

दर उन्हाळ्यात पोकलेन लावून नदीतला गाळ काढतात. ते पुरासाठी गरजेचं आहे, करायलाच हवं. पण त्यानं पाणी शुद्ध होत नाही.

प्रकल्पात पाण्याचं नेमकं होतं काय?

आधी जाळ्या. पहिली मोठ्या फटींची, दुसरी बारीक. या जाळ्यांवर काय अडकतं ते एकदा बघायला हवं. केसांचे गुंते, सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, शाम्पूचे पाऊच, बाळाचे डायपर आणि नागपूरची खास भर म्हणजे खर्र्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या पन्न्या. हातभर लांब दाते असलेला यांत्रिक पंजा वर येतो तेव्हा त्याच्या प्रत्येक दातावर दोन-चार पन्न्या चिकटलेल्या असतात, सुपारीचा चुरा अजून आत. ज्या पन्न्या जाळीतून निसटतात त्या पंपाच्या पंख्याला दोरासारख्या गुंडाळतात, मग मोटर गरम होते आणि ट्रिप मारते. रात्री दोन वाजता पंप खोलून चाकूनं पन्न्या कापत बसलेले कामगार मी पाहिले आहेत. मीही बसलो आहे.

जाळीनंतर वाळू-खडे खाली बसवायचं कुंड. त्यानंतर प्रकल्पाचं काळीज, म्हणजे जिवाणूंची टाकी. हिलाच हवेची टाकीही म्हणतात. तिथं अब्जावधी जिवाणू मैलापाण्यातली घाण खातात. त्यांना तीन गोष्टी लागतात : अन्न, हवा आणि वेळ. अन्न आपण पाठवतोच. हवा ब्लोअर देतो, टाकीच्या तळाला बसवलेल्या डिफ्युझरमधून बारीक बुडबुड्यांच्या रूपात. वेळ मिळते ती टाकीच्या आकारामुळे. पोट भरलेले जिवाणू एकमेकांना चिकटून गोळे बनतात आणि खाली बसतात, वरचं पाणी नितळ होतं. त्याला क्लोरीन देऊन रोगजंतू मारतात. खाली बसलेल्या गाळातला काही भाग पुन्हा टाकीत परत पाठवतात, कारण कामकरी जिवाणू त्यातच असतात. उरलेला बाहेर काढतात.

एवढंच आहे. नदीही हेच करत असते, फक्त सावकाश. आपण तिच्यावर तिच्या ताकदीबाहेरचं ओझं टाकलं, म्हणून हे काम काँक्रीटच्या टाकीत करावं लागतं.

प्रकल्प ‘जुना’ झाला म्हणजे नक्की काय झालं?

तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच शब्द वापरतात.

पहिली म्हणजे झीज. अशा प्रकल्पाचं बांधकाम साधारण ३० वर्षांसाठी आणि यंत्रं १५ वर्षांसाठी धरतात. पण मैलापाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू ओलसर काँक्रीटवर आम्ल तयार करतो आणि छत आतून पोखरतो. बाहेरून रंग दिलेली इमारत आतून भुसभुशीत झालेली असते. डिफ्युझरचं रबर कडक होतं, त्याची भोकं बुजतात. ब्लोअर तेवढीच वीज खातो, पण बुडबुडे मोठे आणि विरळ येतात. मोठा बुडबुडा सरळ वर जाऊन फुटतो आणि पाण्यात प्राणवायू फारसा विरघळतच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वाढलेलं ओझं. प्रकल्प आखताना धरलेली लोकसंख्या केव्हाच मागे पडलेली असते. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर २४ लाखांवर होतं. माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातलं ८० टक्के मैलापाणी, हा सरकारी हिशोब नुसता त्या आकड्याला लावला तरी रोजचं २६० एमएलडी होतं. शहर तेव्हापासून किती पसरलं ते मिहान आणि बेसाकडे एक चक्कर मारून बघा.

तिसरी गोष्ट कुणी लक्षात घेत नाही : नियम बदलले. पाण्यातली घाण मोजायचं मुख्य माप बीओडी. जिवाणूंना ती घाण खायला किती प्राणवायू लागेल, ते हे माप सांगतं. कच्च्या मैलापाण्याचा बीओडी साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर असतो. पूर्वी तो ३० वर आणला की प्रकल्प पास. ऑक्टोबर २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेनं महानगरांसाठी ही मर्यादा २० केली. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ती १० वर आणायला सांगितलं. विष्ठेतल्या जिवाणूंसाठीही १०० मिलिलिटरमागे २३० ही कमाल मर्यादा घातली. ३० साठी बांधलेला प्रकल्प उत्तम चालला तरी १० देऊ शकत नाही, कारण त्याच्या टाक्या त्या हिशोबानं बांधलेल्याच नसतात. तिथल्या माणसांना शिव्या घालून उपयोग नाही.

मग पाडून नवा का बांधत नाहीत?

कधी कधी तेच करावं लागतं. पण मैलापाणी एक तासही थांबत नाही. जुना पाडायचा तर नवा उभा राहीपर्यंत रोजचे कोट्यवधी लिटर कुठं न्यायचे? नव्या प्रकल्पाला जागा लागते, आणि आपल्या शेजारी मैलापाण्याचा प्रकल्प कुणालाच नको असतो. पाच-सहा वर्षं तर विरोधातच जातात.

म्हणून आधी जुन्याची तपासणी करतात. काँक्रीटचे नमुने काढायचे, टाक्या एकेक करून रिकाम्या करून बघायच्या, पाइपांची जाडी मोजायची. बांधकाम ठणठणीत असेल तर आतली पद्धत बदलता येते. उदाहरणार्थ, जुन्या हवेच्या टाकीतच प्लॅस्टिकच्या छोट्या चकत्या सोडतात. बांगडीएवढ्याही नसलेल्या या चकत्यांवर जिवाणूंचा थर धरतो आणि तेवढ्याच टाकीत जास्त जिवाणू मावतात. भाड्याच्या खोलीत माळा टाकून घ्यावा, तसं.

यूएएसबी, एसबीआर, एमबीबीआर, एमबीआर : यातलं चांगलं कोणतं?

हा प्रश्न मला नगरसेवकांनीही विचारला आहे. थोडक्यात सांगतो.

यूएएसबीमध्ये हवा देत नाहीत. हवेशिवाय जगणारे जिवाणू तळाच्या गाळात काम करतात आणि जैववायू मिळतो. आपल्याकडच्या उष्ण हवेत ही पद्धत बरी चालते, वीजही कमी लागते. पण तिच्या एकटीच्या जोरावर आजचे नियम पाळले जात नाहीत, मागे हवेची टाकी जोडावीच लागते. एसबीआरमध्ये भरणं, हवा देणं, निवळणं आणि वरचं पाणी काढणं हे सगळं एकाच टाकीत आळीपाळीनं होतं. पाणी चांगलं निघतं, जागा कमी लागते, पण सगळं स्वयंचलित झडपांवर अवलंबून असतं. एमबीबीआर म्हणजे वर सांगितलेल्या चकत्या. एमबीआरमध्ये अतिसूक्ष्म पडद्यातून पाणी गाळतात. पाणी काचेसारखं मिळतं, वीज आणि पडद्यांचा खर्च मात्र भारी.

माझं मत असं की, ज्या यंत्राचा सुटा भाग आठवड्याभरात नागपुरात मिळतो आणि जे दुरुस्त करणारा फिटर बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत आहे, ते यंत्र चांगलं. परदेशी सेन्सर बंद पडला आणि तीन महिने ‘पार्ट येतोय’ ऐकत बसलो, की पद्धतीचं नाव कितीही भारी असो, टाकीतले जिवाणू मरतातच.

सुधारणा चालू असताना पाणी तसंच सोडून देणार का?

द्यायला नको. आखणी नीट असेल तर द्यावं लागत नाही. मोठ्या प्रकल्पात एकसारख्या टाक्यांच्या रांगा असतात. एक रांग बंद करायची, तिचं काम पुरं करायचं, ती चालू झाली की दुसरी घ्यायची. काम नोव्हेंबर ते मे या महिन्यांत करायचं, कारण पावसाळ्यात एक रांगही बंद ठेवणं परवडत नाही.

यंत्रं बसली म्हणजे प्रकल्प सुरू झाला, असं मात्र होत नाही. दह्याला विरजण लागतं तसं नव्या टाकीला जिवाणूंचं विरजण लागतं. चांगल्या चालणाऱ्या प्रकल्पातून टँकरनं गाळ आणून टाकीत सोडतात आणि जिवाणू वाढेपर्यंत थोडं थोडंच पाणी घेतात. हवेच्या टाकीला यात दोन ते चार आठवडे जातात, यूएएसबीला त्याहून कितीतरी जास्त. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून मग टाकी घाईनं भरली, तर पाहुणे गेल्यावर गढूळ पाणीच बाहेर येतं.

वास का येतो? प्रकल्प आहे तर वास असणारच ना?

नाही. चांगल्या चालणाऱ्या हवेच्या टाकीजवळ उभं राहा, पहिल्या पावसानंतर ओल्या मातीचा येतो तसा वास येतो. सडक्या अंड्याचा वास आला तर समजावं की कुठंतरी पाणी किंवा गाळ हवेविना पडून आहे. लांबच्या लाइनमध्ये पाणी तुंबून राहिलं, गाळ वेळेवर काढला नाही किंवा ब्लोअर बंद ठेवले, यांपैकी काहीतरी झालेलं असतं. जिथं वास निघणारच, म्हणजे जाळ्यांची खोली आणि गाळाची टाकी, तिथं झाकण घालून हवा ओढून ती शुद्ध करण्याची सोय सुधारणेच्या कामात हवी. खर्च कमी करायचा म्हटला की कंत्राटातून पहिली हीच सोय कापली जाते.

भांडेवाडी, पारडी, वाठोड्याच्या लोकांची अडचण अशी की तिथं कचऱ्याचं डम्पिंग यार्डही आहे. दोन्ही वास मिसळतात आणि तक्रार कुणाकडे करायची हेच कळत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत आपण ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणतो. शहराची इडापीडा मात्र वर्षभर पूर्व नागपूरकडेच येते, आणि इथल्या लोकांनी ती मुकाट सोसली आहे. सुधारणेच्या पैशातला पहिला वाटा वास आटोक्यात आणण्यावर खर्च व्हावा, ही त्यांची मागणी मला अगदी योग्य वाटते.

विजेचं बिल किती येतं?

पद्धतीनुसार दर एमएलडीमागे रोज साधारण १५० ते २५० युनिट. १०० एमएलडीच्या प्रकल्पाला २०० च्या हिशोबानं रोज २० हजार युनिट लागतील. निम्म्याहून जास्त वीज एकटे ब्लोअर घेतात. म्हणून वीज वाचवायची तर पैसा नव्या डिफ्युझरवर आणि ब्लोअरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेवर घालावा. पहाटे तीनला शहर झोपलेलं असतं, मैलापाणी कमी येतं, तेव्हा ब्लोअर पूर्ण वेगानं फिरवणं म्हणजे पैसा जाळणं.

विदर्भातल्या एका गावच्या प्रकल्पावर मी असताना बिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवायचा तोंडी हुकूम आला. चौथ्या दिवशी टाकी काळी पडली. लेखी मागितलं तेव्हा कुणी दिलं नाही, आणि नमुना नापास झाल्यावर जाब मात्र आम्हाला विचारला. अजूनही त्याचा राग येतो.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात फरक पडतो का?

खूप. उन्हाळ्यात जिवाणू जोरात खातात, पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात ७ च्या आसपास. म्हणजे भूक वाढते आणि श्वास कमी पडतो. नागपूरच्या मे महिन्यासाठी ब्लोअर निवडताना पुण्याचा हिशोब चालत नाही.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. घराच्या गच्चीचं पाणी लोक सर्रास गडरच्या चेंबरला जोडतात. जोराची सर आली की लाइनमध्ये कित्येक पट पाणी धावतं, प्रकल्पात घुसतं आणि वर्षभर जपलेले जिवाणू टाकीतून वाहून जातात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. घराघरांत शिरलेलं ते पाणी नुसतं पावसाचं नव्हतं. ज्यांनी नंतर आठवडाभर भिंती घासल्या, त्यांना हे सांगावं लागत नाही. पावसाळी नाल्या आणि गडरलाइन वेगळ्या करणं हे सुधारणेतलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत गरजेचं काम आहे.

शुद्ध केलेलं पाणी पिता येतं का?

नाही. या प्रकल्पातलं पाणी पिण्यासाठी नसतं. पण ते फार मोलाचं आहे. कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रं नागपूरच्या उशाशी आहेत आणि त्यांच्या कूलिंग टॉवरना प्रचंड पाणी लागतं. भांडेवाडीत शुद्ध झालेलं पाणी कोराडीला जातं. म्हणजे तेवढं पेंच धरणाचं पाणी माणसांसाठी आणि शेतीसाठी उरतं. वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत शुद्धीकरण प्रकल्प असेल तर त्याचं पाणी वापरणं बंधनकारक, असं केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणात आहे. नागपुरानं हा विचार त्याआधीच सुरू केला होता. उन्हाळ्यात पेंचची पातळी खाली जाते आणि दिवसाआड पाण्याची चर्चा सुरू होते, तेव्हा या गोष्टीचा आपल्याला अभिमान वाटावा.

आमच्या मैलापाण्याशी भंडाऱ्याच्या लोकांचा काय संबंध?

नाग नदी पिवळीला घेऊन पुढे कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते आणि ते सगळं पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात साठतं. आंभोऱ्याला चैतन्येश्वराच्या दर्शनाला तुम्ही गेला असाल. तिथं संगमावर हात जोडतो आपण, आणि त्याच पाण्यात आपल्या घरचं सांडपाणी आलेलं असतं. भंडारा, पवनीकडच्या गावांनी ना आपला संडास वापरला, ना आपला कर घेतला. जलाशयात पसरणारी जलपर्णी, मासेमारांच्या जाळ्यात येणारा काळा गाळ, पाण्याचा वास हे सगळं मात्र त्यांच्या वाट्याला.

नदीकाठच्या भाज्यांचं काय?

कच्च्या मैलापाण्यावर पिकवलेली पालेभाजी कच्ची खाऊ नये. कोथिंबीर, मुळा, पालक हे सगळं वाहत्या पाण्यात नीट धुवा, शिजवून खा. शेतकऱ्याला दोष देऊ नका. बारमाही वाहणारं तेवढंच पाणी त्याच्या बांधाशी आहे. त्याला शुद्ध पाणी पोचवणं हे शहराचं काम आहे.

गाळ कुठं जातो?

गाळ म्हणजे मेलेले आणि जिवंत जिवाणू. तो घट्ट करतात, मोठ्या बंद टाक्यांत कुजवून त्यातून मिथेन काढता येतो आणि त्यावर प्रकल्पाची थोडी वीजही बनते. मग सेंट्रिफ्युजमध्ये पाणी काढलं की ओलसर मातीसारखा केक उरतो. नीट कुजलेला, जड धातूंची तपासणी झालेला केक शेतीत खत म्हणून चालतो. तपासणी न करता ट्रॉलीनं वाटणं धोक्याचं आहे. कोणत्याही प्रकल्पाला भेट द्याल तेव्हा गाळ सुकवायची जागा आधी बघा. तिथं गाळाचे डोंगर साठले असतील तर समजा की टाकीतूनही तो वेळेवर निघत नाही, आणि पावसात त्यातला काही पुन्हा नाल्यात जातो.

चेंबर चोक झालं की माणूस आत उतरवतात. हे अजून चालतं?

चालता कामा नये. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. हायड्रोजन सल्फाइडची फसवणूक अशी की थोडा असताना त्याचा घाण वास येतो, जास्त झाला की नाकाला वास कळणंच बंद होतं. ‘आता वास नाही, उतर’ म्हणणारा माणूस दुसऱ्याला मरायला पाठवत असतो. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. तुमच्या स्कीमचं सेप्टिक टँक साफ करायला कुणी बादली-दोरी घेऊन आलं तर त्याला परत पाठवा, सक्शन मशीनची गाडी बोलवा. दोन हजार रुपये जास्त गेले तरी चालतील.

प्रकल्प चांगला चालतो आहे हे आम्हाला कसं कळणार?

फलकावरचा एमएलडीचा आकडा बघू नका. दोनच गोष्टी विचारा : काल प्रत्यक्ष किती पाणी आलं, आणि बाहेर गेलेल्या पाण्याचा बीओडी किती होता? हे आकडे रोज लिहिलेले असतात. मनपाकडे, गरज पडली तर माहितीच्या अधिकारात, ते मागता येतात.

आणि प्रकल्पात जायची संधी मिळाली तर ऑपरेटरला सांगा, ‘भाऊ, सिलिंडर टेस्ट दाखवा.’ एक लिटरच्या काचेच्या नळीत हवेच्या टाकीतलं पाणी भरतात आणि अर्धा तास हात न लावता ठेवतात. आधी सगळं चॉकलेटी. पाच-सात मिनिटांत गोळे धरतात, कण एकमेकांना बिलगत खाली सरकतात आणि वर बोटभर स्वच्छ पाण्याची पट्टी दिसू लागते. तीस मिनिटांनी गाळ २५०-३०० च्या खुणेवर बसला आणि वरच्या पाण्यातून पलीकडची अक्षरं वाचता आली, तर प्रकल्पाची तब्येत ठीक आहे. गाळ ८०० वरच अडकला तर आत काहीतरी बिघडलं आहे. काळा पडला तर हवा कमी पडते आहे. मी शिफ्टवर गेलो की रजिस्टरवर सही करण्याआधी ही नळी भरायचो. महागातल्या मीटरनं मला बरेचदा फसवलं, या नळीनं कधीच नाही.

सुधारणेमुळे कर वाढेल का?

बांधकामाचा मोठा भाग केंद्र-राज्याकडून येतो. पण चालवायचा खर्च, म्हणजे वीज, रसायनं, पगार, सुटे भाग हे शहरालाच दर महिन्याला भरावं लागतं. कंत्राटात पुढच्या १०-१५ वर्षांच्या देखभालीचे पैसे बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या दर्जावर दिले जातील अशी अट असावी. पाणी नापास, तर त्या दिवसाचे पैसे कापले. शुद्ध पाणी विकून येणारा पैसा दुसऱ्या कुठल्या रस्त्याच्या कामाला न जाता याच कामात यावा, असं मला मनापासून वाटतं.

आम्ही घरी काय करायचं?

गच्चीच्या पाण्याचा पाइप गडरच्या चेंबरमधून काढून घ्या, पावसाळी नालीला किंवा बोअरवेलच्या पुनर्भरणाला जोडा. उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. थंडीत लाइनमध्ये ते मेणासारखं गोठतं. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून कचरागाडीत द्या. गॅरेज किंवा वर्कशॉप असेल तर अॅसिड आणि ऑइल गडरमध्ये सोडू नका. एका रात्री कुणीतरी सोडलेल्या अॅसिडनं आमची पूर्ण टाकी पांढऱ्या फेसानं भरली होती, जिवाणू परत उभे करायला तीन आठवडे लागले.

आणि खर्रा सोडता येत नसेल, तर निदान पन्नी खिशात ठेवा.